घरभर एकच ओलं फडकं? रोबोट मॉपबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपच्या घरगुती ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजचा मथितार्थ असा: रोबोट मॉप घरभर एकच ओलं फडकं फिरवतो, ओट्यापुढचा तेलकट पट्टा आणि झोपायची खोली त्याला सारखीच, ठरावीक जागा पुस असं सांगता येत नाही. डाग ओळखतो म्हणतात त्या थापा. नीट पुसून हवं असेल तर पाणी फुल्ल ठेवा, टाकीत झाकणभर फिनेल घाला आणि सगळं घर दोनदा फिरवा. कोकणातल्या उंबऱ्यांच्या घरात तर घेऊच नका.

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. मधला सल्ला मात्र ऐकलात तर लादी आणि यंत्र दोन्हींची वाट लागेल.

"ठरावीक जागा सांगता येत नाही"

नकाशा न ठेवणाऱ्या स्वस्त यंत्रांना हे लागू पडतं. ती भिंतीला आपटून वळतात, दिशा अंदाजाने धरतात आणि काम संपलं की सगळं विसरतात. डोक्यावर छोटा गोल बुरूज असलेली लायडारवाली यंत्रं मात्र लेझरने घर मोजून नकाशा जपून ठेवतात. त्या नकाशावर ॲपमध्ये बोटाने चौकोन ओढायचा, की फक्त तेवढीच जागा पुसली जाते. त्या चौकोनापुरतं पाणी किती, फेऱ्या किती आणि मार्ग साधा की दाट (म्हणजे जवळजवळच्या ओळींचा), हेही बऱ्याच ॲपांत वेगळं ठरवता येतं.

ओट्यापुढचाच पट्टा घ्या. चौकोन ओट्याच्या लांबीइतका आणि साधारण एक मीटर रुंद काढा. त्याची रेषा ओट्याच्या अलीकडे थांबवू नका, थोडी आत शिरू द्या. रोबोट काही ओट्यात घुसत नाही, पण रेषा अलीकडे राहिली तर पायथ्याशी चार बोटं जागा सुटते आणि फोडणीचे शिंतोडे नेमके तिथेच असतात. फेऱ्या दोन ठेवा, मार्ग दाट, पाणी मध्यम. वेळ लावताना जेवणं आटोपल्यावरची लावा आणि तेवढाच चौकोन निवडा. झोपायच्या खोलीला आठवड्यातून दोनदा एकेक फेरी पुष्कळ झाली. सगळं घर दोनदा फिरवलं तर बॅटरी आणि फडकं दोन्ही नको तिथे खर्ची पडतात, आणि ओट्यापाशी यंत्र पोचतं तेव्हा फडकं आधीच मळलेलं असतं.

"खोल पुसायचं तर पाणी फुल्ल"

ही चूक सगळ्यात महाग पडते. लादीवर बसलेला राप सुटतो तो घासण्याने आणि ओल्यात थोडा वेळ भिजण्याने. गोल फिरणारी दोन फडकी असलेल्या यंत्रांत ती मिनिटाला सुमारे १८० वेळा फिरतात. चांगल्या मॉडेलांत त्यांचा दाब १० न्यूटनच्या आसपास, म्हणजे वर किलोभर वजन ठेवल्याइतका असतो. गुडघ्यावर बसून माणूस याच्या कितीतरी पट जोर लावतो. ही तूट पाण्याने भरून निघत नाही, फेऱ्यांनी निघते. पहिली फेरी राप भिजवते, दुसरी उचलते. दुसऱ्या फेरीत बरीच यंत्रं आधीच्या ओळींना आडवी जातात, त्यामुळे दोन ओळींमध्ये राहिलेली रेघही निघते. दाट मार्ग म्हणजे याच ओळी अधिक जवळजवळ.

पाणी फुल्ल ठेवलं की फडकं चिंब होतं. चिंब फडकं मळ शोषत नाही, पुढे ढकलतं. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या घरात हवाच इतकी दमट असते की लादी सुकायला तास-दीड तास सहज लागतो. शिवाय लादीवर बसलेलं हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं. अशा लादीवरून यंत्राची चाकं परत गेली की दोन समांतर पट्टे उमटतात आणि 'रोबोट नीट पुसत नाही' अशी तक्रार सुरू होते. जून ते सप्टेंबर पाणी सगळ्यात खालच्या पायरीवर आणि फेऱ्या दोन, इतकं पुरे.

पुसण्याआधी व्हॅक्यूमने कोरडी धूळ ओढून घेणं चुकवू नका. जांभ्याची लाल धूळ बारीक असते, ओली झाली की तिचा चिखल होऊन लादीभर पातळ थर बसतो. समुद्राकाठी पायांबरोबर आलेली वाळू फडक्याखाली अडकली तर गुळगुळीत लादीवर गोल ओरखडे उठतात. म्हणून दाराजवळ वेगळा चौकोन काढा आणि तिथे आधी दोनदा फक्त व्हॅक्यूम लावा.

मासे तळताना खोबरेल तेल उडालं असेल तर रोबोटवर भिस्त नको. खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली थिजतं. जानेवारीच्या सकाळी थंड लादीवर ते मेणासारखं बसतं आणि गार पाण्याचं फडकं ते नुसतं पसरवतं. आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसा, मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून हाताने घासा, आणि त्यानंतर चौकोन लावा.

"डाग ओळखतो या थापा"

थापा नाहीत, पण जाहिरातीत सांगतात तेवढंही नाही. काही यंत्रांत ओढलेल्या हवेच्या वाटेवर सेन्सर असतो. त्यावर कण आपटले की यंत्र त्या जागी पुन्हा फिरतं. हे वाळूला उपयोगी, तेलाला शून्य. काहींत कॅमेऱ्याला सांडलेलं दिसलं की यंत्र तिथे वळतं. तिसरा प्रकार डॉकमध्ये, म्हणजे यंत्र चार्ज व्हायला आणि फडकं धुवायला जिथे परत जातं त्या तळावर, असतो: फडकं धुतलेलं पाणी किती गढूळ आहे ते पाहून, शेवटच्या धुण्यानंतर जेवढा भाग पुसला तो पुन्हा पुसायचा. नेमका डाग कुठे होता हे त्याला ठाऊक नसतं. जांभ्याच्या धुळीने पाणी लालभडक होतं, मग यंत्र तीच खोली पुन्हापुन्हा पुसत बसतं. अशा घरात ती सोय बंद करून चौकोन स्वतः काढलेला बरा.

आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, डाग मात्र कोणत्याही सेन्सरच्या आवाक्याबाहेरचा. आगळ आंबट असतं, संगमरवरावर किंवा सिमेंटच्या कोब्यावर सांडलं तर ते पृष्ठभागच खातं. तिथला फिकट धब्बा म्हणजे मळ नव्हे, कितीही फेऱ्या मारा, निघायचा नाही.

"टाकीत फिनेल घाला"

घालू नका. पांढऱ्या फिनेलमधला तेलकट अंश बारीक नळ्यांत आणि पंपात साठतो, फेसाने टाकीचे सेन्सर चुकतात, आणि ब्लीचने धातू गंजतो. टाकीत साधं पाणी किंवा माहितीपुस्तिकेत सांगितलेलं द्रावण, एवढंच.

"कोकणातल्या घरात घेऊच नका"

उंबऱ्याची अडचण खरी आहे. बहुतेक यंत्रं दोनेक सेंटिमीटर चढतात, जुन्या घरांचे उंबरे त्याहून उंच. पण ॲपमध्ये अनेक मजल्यांचे नकाशे ठेवायची सोय असेल तर ओटीला 'दुसरा मजला' म्हणून नोंदवा, यंत्र उचलून तिकडे ठेवा आणि तो नकाशा निवडा. डॉक माजघरात असल्याने मध्ये फडकं धुतलं जाणार नाही. तेव्हा चौकोन लहान ठेवा आणि हातात धुतलेल्या फडक्यांचा दुसरा जोड असू द्या.

काळ्या कडाप्प्यावर मात्र आधी चाचणी घ्या. खालचे सेन्सर अवरक्त किरण सोडून ते परत येतात का ते पाहतात. काळा दगड ते गिळतो, यंत्राला पुढे खड्डा आहे असं वाटतं आणि ते कडेवरून मागे सरतं. त्या सेन्सरवर कागद चिकटवायचा उपाय काही जण सांगतात. ओटीला पायऱ्या असतील तर तो करू नका, यंत्र थेट अंगणात जाईल. देवघरापुढे रांगोळी असेल तर तिथे 'प्रवेश बंद'चा चौकोन काढा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओलं फडकं अजिबात नको.

आणि पावसात लाइट गेली की डॉकमधलं फडकं सुकवणं अर्ध्यावर थांबतं. तासाभरात लाइट आली नाही तर फडकी काढून, पिळून चुलीजवळच्या दोरीवर टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच कुबट वास चौकोनागणिक घरभर पुसला जाईल.