पॅरिसमध्ये बत्तीस तास का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पृथ्वीचे फिरणे दाखवण्यासाठी टांगलेल्या लंबकावरील माझ्या लेखावर आपण घेतलेले आक्षेप महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. लंबक ज्या प्रतलात (उभ्या सपाट पातळीत) झोके घेतो ते अवकाशात स्थिर राहते आणि त्याच्याखालून पृथ्वी फिरते, असे मी म्हटले होते. त्यावर आपण विचारता, की तसे असेल तर झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते ती फेरी सर्वत्र एका दिवसात पूर्ण व्हायला हवी. मग पॅरिसमध्ये तिला सुमारे ३२ तास का लागतात? लंबक ज्या छताला टांगलेला असतो ते छतही पृथ्वीबरोबर फिरतेच ना? आणि दिसणारे वळण वाऱ्यामुळे किंवा तारेतील दोषामुळे नसेल कशावरून?

पहिल्या आक्षेपाच्या बाबतीत चूक माझ्या वाक्याची आहे, कारण ते फक्त ध्रुवांवर खरे ठरते. ध्रुवावर ओळंब्याची रेषा, म्हणजे स्थिर टांगलेल्या वजनाची दोरी दाखवते ती उभी रेषा, आणि पृथ्वीचा अक्ष एकच असल्याने लंबकाखालची जमीन २३ तास ५६ मिनिटांत एक पूर्ण फेरी करते. इतरत्र ओळंब्याची रेषा अक्षाशी कोन करून असते आणि पृथ्वीबरोबर तिची स्वतःचीच दिशा सतत बदलत राहते. गुरुत्वाकर्षण गोळ्याला नेहमी या रेषेकडे ओढत असल्याने झोक्याचे प्रतल तिला सोडू शकत नाही. ते तिच्याबरोबर वाहून नेले जाते, आणि म्हणूनच ताऱ्यांच्या संदर्भात ते स्थिर राहते हे विधान टिकत नाही. मात्र त्या रेषेभोवती प्रतलाला फिरवील असे कोणतेही बळ तेथे नसते. त्यामुळे मोजायचे ते एवढेच, की आपल्या पायाखालची जमीन ओळंब्याच्या रेषेभोवती किती वेगाने फिरते. हा वेग काढण्यासाठी पृथ्वीच्या परिवलनाच्या वेगाला, म्हणजे ताशी सुमारे १५ अंशांना, त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या साइनने गुणावे लागते. पॅरिसचा अक्षांश जवळजवळ ४९ अंश आणि त्याचे साइन सुमारे ०.७५ आहे. गुणाकार ताशी ११.३ अंशांच्या आसपास येतो आणि पूर्ण फेरीला ३२ तासांना किंचित कमी वेळ लागतो. विषुववृत्तावर जमीन पूर्वेकडे कलत जाते, पण ओळंब्याभोवती फिरत नाही, म्हणून तेथे लंबक वळतच नाही.

छताचा प्रश्न घरीच सुटू शकतो. दोऱ्याला वजन बांधून झोका द्या आणि दोऱ्याचे वरचे टोक चिमटीत धरून पिळा. वजन स्वतःभोवती फिरू लागेल, पण झोक्याची दिशा तीच राहील.

तारेतील दोषाविषयीची आपली शंका मला सर्वांत मोलाची वाटते, कारण या प्रयोगाची खरी अडचण तेथेच आहे. गोळा सोडताना बाजूला किंचितसा धक्का बसला, तरी तो सरळ रेषेऐवजी अरुंद लंबवर्तुळात झुलू लागतो, आणि असे लंबवर्तुळ पृथ्वी स्थिर असती तरी आपोआप हळूहळू वळत गेले असते. दोन मीटरच्या लंबकाचा झोका मध्यापासून २० सेंटिमीटर जात असेल आणि लंबवर्तुळाची अर्धी रुंदी केवळ एक मिलिमीटर असेल, तर हे खोटे वळण ताशी सुमारे साडेआठ अंश भरते, म्हणजे पॅरिसमधील खऱ्या वळणाच्या तीन चतुर्थांशाइतके! फुकोने १८५१ च्या जानेवारीत आपल्या घराच्या तळघरात पहिला यशस्वी प्रयोग केला तो दोन मीटरच्याच तारेवर, हे लक्षात घेतले की त्याच्या हाताच्या सफाईविषयी माझा आदर फार वाढतो. गोळा दोऱ्याने बाजूला बांधून ठेवायचा आणि तो दोरा जाळून सोडायचा, ही त्याची युक्ती धक्का टाळण्यासाठीच होती. त्याच वर्षी पाँतेओं या पॅरिसमधील उंच घुमटाच्या इमारतीत त्याने ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगला. तेथे झोका मध्यापासून तीन मीटर गेला आणि लंबवर्तुळाची अर्धी रुंदी पुरी एक सेंटिमीटर झाली, तरी खोटे वळण ताशी ०.२ अंशांच्या आसपासच राहते. उंच घुमट निवडण्यामागे भव्यतेची हौस असेलही, पण भौतिकशास्त्राचे कारण हे आहे.

तरीही एखाद्या ठिकाणचे एखादे वळण वाऱ्याचे असू शकेल, हे मी मान्य करतो. पण वारा किंवा तारेचा दोष अक्षांश पाहून वागत नाही. काळजीपूर्वक टांगलेले लंबक उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतात, दक्षिण गोलार्धात उलट दिशेने, आणि दोन्हीकडे विषुववृत्ताजवळ जावे तसा वेग मंदावतो. २००१ मध्ये दक्षिण ध्रुवावरील संशोधन केंद्रात असा लंबक टांगला, तेव्हा त्याच्या फेरीला सुमारे २४ तास लागले. पॅरिसमधले ३२ तास आपल्याला सिद्धान्तातील उणीव वाटले. मला मात्र तोच सर्वांत भक्कम पुरावा वाटतो, कारण नेमका हाच आकडा फिरत्या गोलाकार पृथ्वीवरून आधीच काढता येतो.

लेखातील ते वाक्य मी आता बदलले आहे. नवे वाक्य असे आहे: ‘लंबकाचे प्रतल ओळंब्याच्या रेषेबरोबर जाते, पण तिच्याभोवती फिरत नाही, तिच्याभोवती फिरते ती जमीन.’