बटाटा गेला, पण घर कोणी पाडलं?

पंधरा दिवसांत हा मजकूर मला तीन ग्रुपांवर आला: "१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याला रोग पडला. तिथले लोक बटाट्याशिवाय दुसरं काही पिकवतच नव्हते, त्यामुळे देश उपाशी पडला. पण रडत न बसता १० लाख लोक जहाजात बसून अमेरिकेला गेले आणि त्यांच्याच वंशात पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडी जन्मले. संकटात संधी शोधा!" खाली हात जोडल्याचे आठ-दहा इमोजी.

यातली वाक्यं एकेक करून बघू.

रोग पडला, हे खरं. मंचर-नारायणगावकडचा शेतकरी बटाट्यावर आणि टोमॅटोवर ज्या 'उशिरा येणाऱ्या करप्या'ची फवारणी करतो, तोच हा रोग. १८४५ साली त्याने पिकाचा मोठा हिस्सा खाल्ला आणि १८४६ साली जवळजवळ सगळं पीक. दारूबंदीचे प्रचारक फादर थिओबाल्ड मॅथ्यू २७ जुलै १८४६ ला कॉर्कहून डब्लिनला गेले, तेव्हा वाटेतली शेतं फुलावर होती. ३ ऑगस्टला ते परतले, तर तीच शेतं सडून काळी पडलेली आणि माणसं बांधावर बसून हात चोळत रडताना दिसलेली. म्हणजे 'रडत न बसता' हेही खरं नाही.

"दुसरं काही पिकवतच नव्हते." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. आयर्लंडात ओट, गहू, बार्ली पिकत होती. लोणी, डुकरं, गुरं होती. फक्त ते खाणारे वेगळे होते. कुळाने धान्य पिकवायचं आणि विकून जमीनदाराचा खंड भरायचा. घरचं डुक्करही खंडासाठीच. गमतीने त्याला 'खंड भरणारे साहेब' म्हणत. उरलेल्या तुकड्यात स्वतःच्या पोटासाठी काय लावणार? जे थोड्या जागेत जास्त येतं ते. कष्टकरी पुरुष दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती आणि त्यातले तीसेक लाख जवळजवळ याच अन्नावर जगत होते. याला आळस म्हणायचं असेल तर हिशेब म्हणायचं कशाला?

एका ग्रुपवर या मजकुराला उत्तर आलं, की दुष्काळ वगैरे काही नव्हता, इंग्रजांनी सगळं धान्य लुटून नेलं. तेही अर्धंच. १८४६ च्या उपाशी हिवाळ्यात ओट आणि लोणी बंदरांतून बाहेर जात होतं, हे खरं आणि लाजिरवाणं. पण १८४७ मध्ये बाहेर गेलं त्याच्या कितीतरी पट धान्य, मुख्यतः अमेरिकेचा मका, देशात आला. बाजारात मका होता, विकत घ्यायला खिशात पैसा नव्हता.

"देश उपाशी पडला." देश नव्हे, कुळं आणि मजूर. हाच रोग त्या वर्षांत बेल्जियममध्ये, हॉलंडमध्ये, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही होता. तिथेही माणसं मेली, पण आयर्लंडसारखी दहा लाख नाही. मजकुरात नेमका हाच आकडा गाळलाय. गेले तितकेच, दहाएक लाख, मेलेही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. ब्रिटिश पंतप्रधान पील यांनी १८४५ मध्ये एक लाख पौंडांचा मका मागवला. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि तिजोरीच्या नाड्या चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या हाती राहिल्या. फुकट दिलं तर लोकांना सवय लागेल आणि बाजारात हात घातला तर व्यापार बिघडेल, हे त्यांचं ठाम मत. (हेच गृहस्थ आधी बंगालात कंपनीच्या नोकरीत होते आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. दुष्काळाच्या काळात कोलकात्याहून मात्र आयरिश भुकेल्यांसाठी सुमारे १४ हजार पौंड वर्गणी गेली.) मग रस्त्यांची कामं निघाली. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्यांना उपाशीपोटी खडी फोडणं काय असतं ते सांगायला नको. तिथे तर भर थंडीत, आणि मजुरी मक्याच्या वाढत्या भावाच्या मागे धावणारी. १८४७ च्या उन्हाळ्यात सार्वजनिक भटारखाने उघडले आणि रोज ३० लाख माणसं जेवू लागली. म्हणजे जमत होतं! तरीही शरद ऋतूत ते बंद केले.

आता "जहाजात बसून गेले" याकडे येऊ. लोकांनी घर का सोडलं, ते इथे आहे.

१८४७ च्या गरिबांच्या मदतीच्या कायद्यात खासदार विल्यम ग्रेगरी यांनी एक कलम घुसवलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. पेज हवी असेल तर जमीन सोड. जमीन सोडली की घरही जायचं, कारण घर त्याच जमिनीवर. शिवाय गरिबांना पोसायची पट्टी स्थानिक मालमत्तेवर लादलेली, आणि चार पौंडांपर्यंत मोलाच्या छोट्या जमिनीची पट्टी भरायची जमीनदाराने. म्हणजे लहान कूळ जितकं लवकर उठेल तितका त्याचा खर्च कमी. जमीनदाराची माणसं पहारी घेऊन यायची, आढ्याला दोर बांधून छप्पर खाली ओढायची, म्हणजे रात्री पुन्हा आत शिरता येऊ नये. १८४९ ते १८५४ या काळात पोलिसांच्या नोंदींप्रमाणे जवळपास अडीच लाख माणसं अशी बेदखल झाली.

रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनचा जमीनदार डेनिस मेहन. त्याच्या कारभाऱ्याने हिशेब मांडला, की कुळांना वर्षभर वर्कहाऊसमध्ये (निराधारांना ठेवून काम करून घ्यायचं सरकारी घर) पोसण्यापेक्षा कॅनडाला धाडणं बरंच स्वस्त. मे १८४७ मध्ये १,४९० माणसं कालव्याच्या काठाने चालत डब्लिनला गेली, तिथून लिव्हरपूलला, आणि मग क्युबेकच्या जहाजांवर. त्यातलं 'व्हर्जिनियस' लिव्हरपूलहून निघालं तेव्हा जहाजावर एकूण ४७६ प्रवासी होते. वाटेत १५८ मेले. त्याच नोव्हेंबरात मेहनला गोळी घालून मारलं. क्युबेकजवळच्या ग्रोस-ईल बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून जास्त माणसं पुरली, बहुतेक टायफसची (उवांतून पसरणारा ताप). 'अमेरिकेला गेले' या दोन शब्दांत हे बेट कुठेच बसत नाही.

तरी जमीनदाराच्या पैशाने गेलेले एकूण जाणाऱ्यांत थोडेच. बाकीच्यांनी गाय विकली, उरलंसुरलं मोडलं, किंवा आधी गेलेल्या बहिणीने तिकीट पाठवलं. ज्यांच्याकडे विकायला काहीच नव्हतं ते गेले नाहीत. ते वर्कहाऊसमध्ये किंवा रस्त्याच्या कडेला मेले.

आणि केनेडी. पणजोबा पॅट्रिक वेक्सफर्डच्या एका कुळाच्या घरातले, धाकटे. घराकडे शेत होतं. म्हणजे उपाशी मरणाऱ्यांतले ते नव्हेतच. बोस्टनला पिंपं बनवायचं काम केलं आणि १८५८ मध्ये पटकीने गेले. बायकोच्या पदरात चार लहान मुलं. राष्ट्राध्यक्ष झाला तो पणतू, शंभरावर वर्षांनी.

करपा ओसरला तरी माणसं जातच राहिली. आज, पावणेदोनशे वर्षांनंतरही, आयर्लंड बेटाची लोकसंख्या १८४१ पेक्षा कमी आहे. मुलगा किंवा मुलगी निघायच्या आदल्या रात्री घरी शेजारीपाजारी जमायचे, नाचगाणं व्हायचं, म्हाताऱ्या बायका गळा काढायच्या. प्रेताजवळ रात्र जागवायची तिथली जी रीत, तिचंच नाव त्यांनी या रात्रीला दिलं होतं: 'अमेरिकन वेक'. सकाळी आई गावाच्या वेशीपर्यंत जायची आणि परत फिरायची.