‘घरी भांडणारे तिथेही भांडतात’ : एका ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचून चार दिवस झाले. घाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

मध्य प्रदेशातल्या मांडू या किल्ल्याच्या सहलीवरच्या लेखात मी लिहिलं होतं की नवरा-बायकोनं वर्षातून एकदा तरी दोघांनीच बाहेर पडायलाच हवं, त्यानं नातं घट्ट होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘हे रजा आणि पैसा असलेल्यांचे चोचले. माझ्या सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. आम्ही दोघं मिळून साधं सराफ्याच्या खाऊगल्लीत खायलाही गेलेलो नाही. म्हणून आमचा संसार कच्चा का? आणि घरी भांडणारे तिथेही भांडतातच.’

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण ते खरं आहे. आम्हीही भांडलो. इंदूरहून मांडू जेमतेम १०० किलोमीटर. धारवरून जायचं की मानपूरवरून, एवढ्यावरून महूपर्यंत दोघांची तोंडं फुगलेली. लेखात मी ते गाळलं आणि जहाज महालाचं, दोन्हीकडच्या भरलेल्या तलावांचं वर्णन केलं. ते गाळायला नको होतं. आणखीही एक गोष्ट गाळली होती, ती ह्यांना विचारून आज लिहिते.

रूपमती मंडप पठाराच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. मुळात ती टेहळणीची चौकी. तिथून नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय मांडूच्या बाज बहादूर सुलतानाची राणी रूपमती अन्नाला शिवत नसे, असं सांगतात. कठड्यापलीकडे साडेतीनशे मीटर खाली निमाडचा सखल मुलूख पसरलेला. पाऊस नुकताच थांबला होता. मी कठड्याशी जाऊन ह्यांना हाक मारली, तर हे मंडपावरच्या घुमटाच्या छत्रीच्या खांबाला पाठ टेकून उभे. ‘तू बघ, मला इथून दिसतंय,’ म्हणाले. तिथून काहीही दिसत नव्हतं. जवळ जाऊन हात धरला तर तळवा घामानं ओला.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, ताई. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला लोखंडी शिडी चढावी लागते. हे कधी चढले नाहीत, दरवेळी कुणाला तरी पैसे देऊन बोलवायचे. मी त्यांना आळशी म्हणायची. सासूबाईंसमोर म्हटलं, एकदा माझ्या माहेरच्या माणसांसमोरही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी मंडपाच्या पायऱ्या उतरताना पहिल्यांदा सांगितलं, की लहानपणी ते विहिरीत पडले होते आणि तेव्हापासून उंचावरून खाली बघवत नाही. परतीच्या वाटेवर आम्ही फार बोललो नाही. पण मी ‘घट्ट’ हा शब्द लिहिला तो त्या परतीच्या वाटेसाठी.

हे घरी कळलं नसतं का? अकरा वर्षं तर कळलं नव्हतं. घरात आमचं बोलणं दूध, फी, औषधं आणि कोण कधी येणार एवढ्यावरच चालतं. चार माणसांसमोर आळशी म्हटलेला माणूस त्याच चार माणसांसमोर ‘मला भीती वाटते’ असं म्हणत नाही.

आता पैशाचं. यात तुमची बाजू माझ्या लेखापेक्षा भक्कम आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जोडप्यांना एकमेकांशी हात-पाय बांधून गाद्यांवरून रांगत जायचं काम दिलं, तेही फक्त ७ मिनिटं. बाकीच्यांना साधं, कंटाळवाणं काम. रांगणाऱ्या जोडप्यांना त्यानंतर आपलं नातं जास्त चांगलं वाटलं. ना हॉटेल, ना गाडी. दोघांनी मिळून काहीतरी न केलेलं करणं, एवढंच त्यात होतं. म्हणून ‘बाहेर पडायलाच हवं’ हे वाक्य मी मागे घेते. लेखातूनही काढलं आहे.

तुमचा संसार कच्चा नाही. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलून देणं, चादर दोघांनी दोन टोकांना धरून काढणं, हे जी दोघं तीन वर्षं करतात त्यांनी एकमेकांना मांडूच्या कुठल्याही पायरीपेक्षा जास्त ओळखलं असेल.

पण ‘चोचले’ हा शब्द मला पटला नाही, आणि तो तुमच्याच काळजीपोटी. माझ्या आईनं आजीचं असंच सगळं केलं. त्या वर्षांत आई-बाबांमध्ये गोळ्यांच्या वेळा सोडून दुसरा विषय राहिला नव्हता. आजी गेल्यावर दोघं समोरासमोर बसत आणि काय बोलावं ते सुचत नसे. मी ते पाहिलंय. नणंद, जाऊ, पगारी मावशी, कुणी सहा-सात तास सांभाळू शकत असेल तर मागून घ्या. मागण्यात कमीपणा नाही. सासूबाईंनाही आधी सांगा, चोरून जाऊ नका.

पावसाळ्यात आपल्या महूजवळच्या पाताळपाणी ते कालाकुंड मीटरगेजची हेरिटेज गाडी धावते. २०१८च्या डिसेंबरात सुरू झाली, अंतर जेमतेम १० किलोमीटर. घाट, बोगदे, आणि कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद. सकाळी निघून दिवेलागणीच्या आत घरी. तेवढंही जमत नसेल तर सासूबाईंची दुपारची झोप लागल्यावर राजवाड्यापर्यंत चालत जाऊन या. फक्त एक करा, त्या वेळात औषधांबद्दल बोलू नका.

आमच्या टाकीवर आता मी चढते. हे खाली शिडी धरून उभे राहतात, नजर माझ्या पायांवर.