खुलासा: रेशन बंद होणार नाही
‘जागतिक व्यापार संघटनेने रेशन बंद करायला लावलंय, तांदूळ भरून ठेवा’ हा ठाणे-वाशीच्या सोसायटी ग्रुपांवर फिरणारा मेसेज चुकीचा आहे.

संघटनेची मर्यादा रेशन वाटपावर नाही, हमीभावाने होणाऱ्या सरकारी खरेदीतल्या मदतीवर आहे: पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्के. मदत मोजताना हमीभावाची तुलना मात्र १९८६-८८ च्या जुन्या, कमी भावांशी करतात, म्हणून मदत कागदावर फुगते. हा हिशेबच अन्यायकारक आहे. तांदळात भारताने २०१८-१९ ला मर्यादा ओलांडली, तरी खरेदी चालूच राहिली. कारण संघटनेच्या बाली इथल्या बैठकीतल्या २०१३ च्या निर्णयाचं संरक्षण आहे (मर्यादा ओलांडली म्हणून इतर देश तक्रार लढवत नाहीत), आणि कायमचा तोडगा निघेपर्यंत ते लागू आहे.

माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, हा हक्क आपल्याच २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याचा.

कृपया मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.