कट्टी वेगळं राज्य मागायचे, आम्हीही मागतो

आमच्या घरात मत महाराष्ट्र एकीकरण समितीलाच, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्यांना. त्यामुळे कर्नाटकातले भाजपचे दिवंगत मंत्री उमेश कट्टी यांच्यावर मी लिहितोय हे बघून काही जण भुवया उंचावतील. उंचावू देत.

परवा मामाकडे संकेश्वरला गेलो होतो. बसस्टँडजवळ चहा घेताना उमेश कट्टींचा विषय निघाला. वडील विश्वनाथ कट्टी आमदार असतानाच वारले आणि १९८५ ला हा तरुण पोरगा बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीतून निवडून आला. एकूण आठ वेळा. २००४ ला तेवढा आपटला. पक्ष म्हणाल तर जनता पक्ष, जनता दल, जेडीयू, जेडीएस, शेवटी भाजप. २००८ ला जेडीएसकडून जिंकला, राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीत कमळावर परत हजर! पाट्या बदलल्या, दुकान तेच. मामा म्हणतो, "लोक चिन्ह कुठं बघत होते, कट्टी बघत होते."

तोंडाला मात्र लगाम नाही. २०२१ ला अन्नमंत्री असताना रेशनचा तांदूळ कमी झाला म्हणून एका शेतकऱ्यानं फोन केला, उपाशी मरायचं का, असं विचारलं. त्यावर हे म्हणाले, मेलेलं बरं. नंतर माफी मागितली, पण रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला माफीचं काय? टीव्ही, फ्रिज, दुचाकी असेल तर बीपीएल कार्ड परत करा, हेही यांचंच. तेही गुंडाळावं लागलं.

तरी एका बाबतीत मला हा माणूस जवळचा वाटायचा. उत्तर कर्नाटकावर अन्याय होतोय, वेगळं राज्य करा, हे तो मंत्रिपदाच्या खुर्चीत बसूनही बोलायचा. जून २०२२ मध्ये तर म्हणाला, २०२४ नंतर देशात पन्नास राज्यं होतील, त्यात उत्तर कर्नाटक असेल. पक्षानं हात झटकले. त्याच्या खुर्चीला काही झालं नाही.

आणि आम्ही बेळगावचे मराठी? १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून तेच सांगतोय, की बेंगळुरूला आमचं ऐकू येत नाही. तर आम्ही भाषिक दुराभिमानी, आणि १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला की गुन्हे दाखल. कट्टी बोलले की ते 'त्यांचं वैयक्तिक मत'.

६ सप्टेंबर २०२२ ला बेंगळुरूतच हृदयविकारानं गेले, वय ६१. अंत्यसंस्कार बेल्लद बागेवाडीला झाले. २०२३ ला मुलगा निखिल त्याच जागेवरून आमदार झाला.

त्यांच्या त्या नव्या राज्यात बेळगावच्या दुकानांवर मराठी पाटी चालली असती का, एवढं मला त्यांना एकदा विचारायचं होतं.