25 डिसेंबर नेमका कोणाचा?

नाताळ जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो: 'येशूचा जन्म 25 डिसेंबरला झालाच नाही, रोमन सूर्यदेवाचा सण ख्रिश्चनांनी चोरला.' यातल्या पहिल्या भागाबद्दल माझी तक्रार नाही. बायबलमध्ये जन्मतारीख दिलेलीच नाही. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत (म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) तर जन्माची कथाही नाही. पण 'चोरला' म्हणणं मला पटत नाही. आणि याचा श्रद्धेशी काही संबंध नाही, हाती असलेला पुरावाच तसं सांगत नाही.

रोममध्ये इ.स. 354 साली एका ख्रिस्ती गृहस्थासाठी सचित्र पंचांग तयार झालं. त्यातल्या सरकारी दिनदर्शिकेत 25 डिसेंबरपुढे 'अजिंक्याचा जन्मदिन' (अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असं मानतात) अशी नोंद आहे, सोबत रथांच्या 30 शर्यती. त्याच बाडात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची एक यादी आहे, ती साधारण 336 सालची मानतात. तिच्यात याच तारखेला ख्रिस्त यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला असं लिहिलंय. म्हणजे या तारखेला दोघांचाही जन्मदिन असल्याचा जुना, स्पष्ट पुरावा एकाच बाडात! कोणी कोणाकडून घेतलं हे त्यावरून कसं ठरवणार? सम्राट ऑरेलियनने 274 मध्ये सूर्यदेवाचं देऊळ उभारलं हे खरं, पण तेवढ्यावरून सणाची तारीख सिद्ध होत नाही.

मला पटतो तो हिशेब वेगळा आहे. इ.स. 200 च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने येशूच्या मरणाचा दिवस 25 मार्च धरला होता. ज्या दिवशी मरण आलं त्याच दिवशी तो मरियेच्या उदरात आला होता, अशी समजूत पुढे ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या लिखाणात दिसते. तिथून नऊ महिने मोजा, 25 डिसेंबर येतो. पूर्वेकडे काही जण तोच दिवस 6 एप्रिल धरत. तिथून नऊ महिन्यांनी 6 जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारीलाच येशूजन्म साजरा करतं. सूर्यदेवाच्या सणाने ही दुसरी तारीख उलगडत नाही.

अर्थात सूर्य अजिबातच नव्हता असं मी म्हणणार नाही. पाचव्या शतकात पोप लिओने नाताळच्या प्रवचनात लोकांची चांगलीच कानउघाडणी केली आहे: रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या पायऱ्या चढून वर जाता, आणि आत शिरण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान लववता! माणसं अशीच असतात. जुना देव एका पिढीत सुटत नाही.

नाताळच्या झाडाचं तर आणखीच वेगळं. ते रोमचं नव्हेच. तेव्हाच्या जर्मन मुलखातल्या स्ट्रासबुर्गमध्ये 1605 साली घरात फरची झाडं ठेवून त्यांना कागदी गुलाब आणि सफरचंदं लावत असल्याची नोंद आहे. इंग्लंडच्या राजवाड्यात ती जर्मन नात्यांतून पोचली. 1848 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी, तिचा नवरा अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं आणि घरोघरी ती टूम पसरली. दोन वर्षांनी एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र छापलं, पण राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा काढून टाकल्या. राजघराण्याचं चित्र अमेरिकन कुटुंबाचं झालं! सण देशोदेशी कसा जातो ते मला या पुसलेल्या मिशांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याच सिद्धांतात दिसत नाही.

आणि ज्यांना हा सण 'मूर्तिपूजकांचा' वाटला त्यांत ख्रिश्चनच आघाडीवर होते, हे त्या मजकुरात कधी नसतं. प्युरिटनांचं (कर्मठ प्रोटेस्टंट पंथीयांचं) वर्चस्व असलेल्या इंग्लंडच्या संसदेने 1647 मध्ये नाताळ रद्द केला, तेव्हा कँटरबरीत दंगल झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा 1681 मध्ये उठला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी 1958 मध्ये मिळाली.

हा सण साम्राज्यांच्या जहाजांतून, मिशनऱ्यांबरोबर आणि पुढे बाजाराच्या जोरावर जगभर गेला, तेही मान्य करायलाच हवं. पण देवाणघेवाण एकाच दिशेने झालेली नाही. सोव्हिएत रशियात धर्माविरुद्धच्या मोहिमेत नाताळच्या झाडावर संक्रांत आली होती. 1935 मध्ये तिथल्याच सत्तेने ते परत आणलं, नववर्षाचं झाड म्हणून, टोकाला लाल तारा लावून. सोव्हिएत संघ गेला, तरी रशियात 31 डिसेंबरला ते झाड घराघरांत असतंच.