खतम किती झाले, आणि बहिणीचा हिस्सा?

रमजान सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "कितवा पारा चाललाय?" कुरआनचे तीस पारे म्हणजे तीस भाग, रोज एक केला की ईदच्या आत खतम, म्हणजे पूर्ण वाचन. काहींचे दोन-तीन खतमही होतात. तिलावतीचा (कुरआन वाचण्याचा) सवाब, म्हणजे पुण्य, मी मनापासून मानते. पण वाचताना कुठल्या आयतीपाशी (वचनापाशी) थांबावं लागलं, हे कुणी कुणाला विचारत नाही. मला तोच प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, कारण तो कुरआनच विचारतो: हे लोक कुरआनवर विचार करत नाहीत, की त्यांच्या मनांना कुलपं लागली आहेत? (अध्याय ४७, आयत २४)

थोर इस्लामी विद्वान इमाम ग़ज़ालींनी तिलावतीचे आदाब (शिष्टाचार) सांगताना लिहिलंय की वाचणाऱ्याने प्रत्येक हुकूम आपल्यालाच उद्देशून आहे असं समजावं. हे वाटतं तितकं सोपं नाही. जन्नतीची आयत आपण आपल्याकडे घेतो, इशाऱ्याची शेजाऱ्याकडे सरकवतो.

सूरह निसाच्या, म्हणजे कुरआनच्या चौथ्या अध्यायाच्या, सुरुवातीचंच बघा. आईबाप आणि जवळचे नातेवाईक मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही आहे, थोडं असो वा जास्त, ठरवून दिलेला हिस्सा (४:७). नमाजच्या रकाती (आवर्तनं) किती, हे कुरआनात आकड्यात सांगितलेलं नाही. वारसांचे हिस्से मात्र अपूर्णांकांसकट सांगितलेत: निम्मा, पाव, आठवा, दोन-तृतीयांश, एक-तृतीयांश, सहावा. आणि लगेच पुढे, या अल्लाहच्या मर्यादा आहेत, त्या ओलांडणाऱ्यासाठी आग आहे. हे सगळं चौथ्या पाऱ्यात येतं. म्हणजे दरवर्षी तरावीहमध्ये, रमजानमधल्या रात्रीच्या नमाजेत, आमचे बाप, भाऊ, चुलते सफेत (रांगेत) उभे राहून हे ऐकतात.

आणि मग कोकणात काय होतं? बाप जातो, चाळिसावं होतं, आणि बहिणींना गाडीत बसवून तालुक्याला नेतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोड पत्र तयारच असतं. "राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय" असं त्यात छापलेलं असतं. बहीण मशीनवर अंगठा टेकवते, फोटो निघतो, येताना तिला साडी घेतात. ती सही का करते हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाही केली तर मे महिन्यात पोरांना घेऊन जायला माहेर उरणार नाही. (आमच्या हिंदू मैत्रिणींच्या घरीही हाच कागद, हीच साडी.)

"लग्नात जहेज दिलं ना" हे उत्तर मला पटत नाही. हयातीत दिलेली भेट वेगळी, मेल्यानंतरचा वारसा वेगळा. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्माच का, यावर आपल्याकडे तावातावाने बोललं जातं. बोला. पण तो निम्मादेखील तिला दिला का, ते आधी सांगा.

माझे अब्बा फजरनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) कुरआनचा मराठी तर्जुमा (अनुवाद) घेऊन बसायचे. थोड्याच आयती वाचायचे. सहाबा, म्हणजे पैगंबरांचे साथी, दहा आयती शिकत आणि त्यांच्यावर अमल केल्याशिवाय पुढे जात नसत, ही रिवायत (परंपरेने आलेली हकीकत) अब्बांच्या फार आवडीची. निसाच्या त्या आयतींवर ते बरेच दिवस अडले. मग एका सकाळी फुफूला, म्हणजे माझ्या आत्याला, फोन केला आणि आपल्या वाट्याच्या आंब्याच्या कलमांतून तिचा हिस्सा काढून द्यायचा म्हणाले. फुफू रडायलाच लागली. "मला नको रे भाई, लोक काय म्हणतील?" अब्बा म्हणाले, "नको म्हणायचं तर सातबाऱ्यावर नाव चढल्यावर म्हण. तोवर ते नको म्हणणं खरं नाही." चुलत्यांनी बोलणं सोडलं, कारण आता प्रश्न त्यांच्याही दारात आला होता. अब्बांना ते लागलं. पण न्यायाची साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापाविरुद्ध, नातलगांविरुद्ध का असेना (४:१३५), हेही त्याच सूरहमध्ये आहे. फुफूने नाव ठेवलं. आज हापूसच्या पेट्यांचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात येतात.

कयामतीच्या दिवशी माणसाला सांगितलं जाईल, वाच तुझी नोंदवही, आज तुझा हिशेब घ्यायला तू स्वतःच पुरेसा आहेस (१७:१४). या आयतीने मला जितकी भीती वाटते तितकी दोजखच्या (नरकाच्या) वर्णनांनी वाटत नाही. तिथे हक्कसोड पत्र दाखवून सुटता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही आयत पुन्हा वाचावी.

जुम्म्याच्या (शुक्रवारच्या नमाजेच्या) बयानात, म्हणजे प्रवचनात, दाढी, पडदा, मोबाईल यांवर ऐकून कान भरले. इमामसाहेबांना विनंती, एक जुम्मा वारशाला द्या. मुलींनो, सही करण्याआधी सातबारा आणि आठ-अचा उतारा मागा, कागद घरी आणून वाचा. आणि भावांनो, या रमजानमध्ये चौथा पारा तर्जुम्यासह वाचा, मग बहिणीला फोन लावा. साडीसाठी नाही, जमिनीसाठी.